भिंती आमच्या आम्ही बांधू

इंदुरात घरांचे नकाशे काढायच्या व्यवसायात मला तीसेक वर्षं झाली. मोठे टॉवर माझ्याकडे येत नाहीत. येतात ते पंधरा बाय तीसचे प्लॉट, तीन भावांत वाटलेले वाडे, स्कीममधली कोपऱ्यावरची घरं, पट्ट्याच्या जागेवरच्या दोन खोल्या. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की सराफ्यात खाऊन, छप्पन दुकानावर फिरून म्हणतात, "किती सुधारलंय गं तुमचं इंदूर!" सुधारलंय, यात वाद नाही. पण शहर सुधारायचा सरकारी उद्योग इथे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि म्हाडा, सिडको, एसआरए यांच्यातच ज्याचं घराचं गणित सुरू होतं आणि संपतं, त्या मराठी वाचकाच्या कानावर इथले प्रयोग फारसे आलेले नसतात. त्यांच्या आतबाहेर टेप घेऊन फिरताना जे पदरात पडलं, ते इथे मांडते.

१. पाडण्याआधी झाडून पाहावं

होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं, तेव्हा शहर प्लेगने गांजलेलं होतं. गेडिस मुळातले जीवशास्त्रज्ञ. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की, ज्या रस्त्यावरची घरं जास्त स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील त्या रस्त्याने ती जाईल. मग काय, आळ्याच्या आळ्या कामाला लागल्या. मिरवणुकीत प्लेगचा भला थोरला उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि सफाई कामगार धुतलेल्या कपड्यांत, फुलांनी सजून मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

१९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल छापून आला. त्यातला आग्रह साधा होता: रस्ता सरळ करायचा म्हणून अख्खी आळी पाडू नका. मोडकळीला आलेलं घर तेवढं काढा, तिथे छोटा चौक होऊ द्या, झाड लावा, वारा खेळू द्या.

माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस म्हणतो, "ताई, सगळं पाडून नवंच करून टाकू." मी आधी विचारते, पावसाळ्यात ओल नेमकी कुठे धरते? बऱ्याचदा दुखणं छपराच्या पन्हळीत असतं आणि पाडायला निघालेली असते भिंत. घराचं जे, तेच मोहल्ल्याचं.

२. सरकारने तेवढंच करावं, जे एकट्याला जमत नाही

हे मी स्कीम ७८ मध्ये शिकले. कागदावर तिचं नाव अरण्य. इंदूर विकास प्राधिकरणाने, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या आयडीएने, १९८०च्या दशकात आग्रा-मुंबई रस्त्याजवळची सुमारे ८५ हेक्टर जमीन घेतली आणि आराखड्याचं काम वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनला दिलं. दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये, पुढे २०१८ साली त्यांना वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. अरण्यला त्याच्या कितीतरी आधी, १९९५ साली, आगा खान पुरस्कार मिळाला होता.

सुमारे साडेसहा हजार घरांची ही वसाहत, पण सगळी घरं बांधून द्यायचा हट्ट कोणी धरला नाही. सर्वांत गरिबांना साधारण ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोतं, संडास-मोरीचा गाभा, नळ, वीज आणि नाली एवढंच मिळालं. नमुना म्हणून ८० घरं बांधून दाखवली. बाकी भिंती, छप्पर, जिना, रंग ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि सवडीवर सोडलं.

यामागचा हिशेब असा. वीट रचणं, पत्रा टाकणं, मिस्त्रीशी घासाघीस करणं हे गरिबाला आपल्याइतकंच, किंबहुना जास्त येतं. त्याला येत नाही ते जमीन मिळवणं, मैलभर गटाराची लाइन टाकणं आणि नावावर कागद करून घेणं. ही तीन कामं सरकारची. ती सोडून सरकार भिंती बांधत बसलं की भिंतीही धड होत नाहीत आणि गटारही.

३. घर आयुष्याबरोबर वाढू द्यावं

स्कीम ७८ मधल्या एका शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या घराचं काम माझ्याकडे टप्प्याटप्प्याने आलं. मूळच्या बुऱ्हाणपूरकडच्या. सुरुवातीला जोत्यावर विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. मग धाकट्याला नोकरी लागली तेव्हा गर्डर-फर्शीचं छत पडलं. पुढे बाहेरून लोखंडी जिना काढून वर एक खोली चढवली आणि ती भाड्याने दिली. त्या भाड्यातून छताचं कर्ज फिटलं. समोर ओटा. ओट्यावर शिलाई मशीन, मशीनवर पावसाळ्यापुरतं प्लास्टिक, बाजूला चिंध्यांचं गाठोडं. गिऱ्हाईक येतं ते ओट्यापर्यंत, घरात येत नाही. म्हणजे तीन फुटांचा तो ओटा एकाच वेळी दुकान, बैठक आणि उंबरठा.

वरच्या मजल्याबद्दल बोलताना मी म्हटलं, कुणी आयता फ्लॅट दिला तर? मावशी सुई तोंडात धरूनच म्हणाल्या, "नको बाई. पाणी आणि नाली तेवढी नीट द्या म्हणावं. भिंती आमच्या आम्ही बांधू."

ओट्याची ही किंमत दोशींच्या चमूला आधीच कळलेली होती. आराखडा काढण्यापूर्वी त्यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या मंडळींबरोबर इंदूरच्या बस्त्यांचा, म्हणजे झोपडपट्ट्यांचा, अभ्यास केला होता: लोक कुठे बसतात, दुकान कुठे मांडतात, झाड कुठे राखतात, म्हैस कुठे बांधतात. म्हणून अरण्यच्या गल्ल्या लहान आणि वाकड्या आहेत. आखणाऱ्याचा हात वाकडा नव्हता.

४. मिसळलेली वस्ती नकाशावर सोपी असते, बाजारात अवघड

अरण्यमध्ये श्रीमंतांचे मोठे प्लॉट हमरस्त्याच्या कडेने ठेवले, मधल्या उत्पन्नाचे त्यांच्या आत, आणि सर्वांत छोटे प्रत्येक सेक्टरच्या पोटात. एकूण भूखंडांपैकी जवळपास दोन-तृतीयांश सर्वांत गरिबांसाठी. मोठे प्लॉट नफ्यावर विकायचे आणि त्यातून छोट्यांचा भार उचलायचा, अशी ही योजना. गरिबांना शहराबाहेर वेगळं न टाकता एकाच बाजाराला, एकाच शाळेला, एकाच बसथांब्याला जोडायचं.

ते बरंचसं साधलंही. पण जमिनीचा भाव चढला तसे छोट्या प्लॉटचे पुष्कळ मूळ मालक विकून निघून गेले. शेजारचे दोन प्लॉट एक करून बांधलेली संगमरवरी घरं आता तिथे सर्रास दिसतात. काही जण म्हणतात, योजना फसली. मला तसं वाटत नाही. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसा लागला तेव्हा विकता येईल अशी वस्तू त्या माणसाच्या हाती होती, हीदेखील मिळकतच. फसतं ते पुढे: विकून गेलेल्याला तेवढ्याच सोयीची दुसरी जागा शहरात कुठेच उरलेली नसते, कारण दुसरं अरण्य कोणी उभंच केलं नाही.

आता हे काम खासगी कॉलनीवाल्यांवर टाकलंय. मध्य प्रदेशात कॉलनी काढणाऱ्याने गरिबांसाठी भूखंड राखावेत, नाहीतर आश्रय शुल्क भरावं, असा नियम आहे. बहुतेकांना शुल्क परवडतं, शेजार परवडत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून मोठ्या भूखंडांवर २० टक्के छोटी घरं बांधण्याची अट आली. तिथली मंडळी पळवाटांचे किस्से मला फोनवर सांगतात. सूत्र दोन्हीकडे एकच: पैसे भरून सुटायची सोय ठेवली की मिसळलेली वस्ती होत नाही.

५. विटेपेक्षा कागद पक्का

१९८४ साली मध्य प्रदेशाने शहरातल्या भूमिहीनांना, ते राहत असलेल्या ५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेचे पट्टे देण्याचा कायदा केला. पट्टा हाती पडलेल्या गल्लीत आणि न पडलेल्या गल्लीत फरक ओळखायला मला कागद पाहावे लागत नाहीत. एकीकडे स्लॅब, दुसरीकडे पत्र्यावर ठेवलेले दगड. माणसं तीच, मजुरी तीच. उद्या कोणी उठवणार नाही याची खात्री झाली की लोक सिमेंटवर पैसा घालतात, त्याआधी नाही.

कागदाची दुसरी बाजूही आहे. "जमीन स्कीममध्ये गेली", म्हणजे आयडीएच्या योजनेसाठी घेतली जाणार, हे वाक्य इंदूरच्या आसपासच्या शेतकऱ्याच्या घरी कसं उच्चारतात ते एकदा ऐकावं. विकता येत नाही, बांधता येत नाही, मोबदल्याचा पत्ता नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्यातल्या एका कलमाचा अर्थ लावायला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांचं घटनापीठ बसलं आणि मार्च २०२०मध्ये निकाल लागला, त्या खटल्याचं नाव 'इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल' आहे. जुन्या कायद्याखालची संपादनं कधी रद्द होतात, हे आता देशभर त्या निकालावरून ठरतं. शहराचं नाव असंही गाजतं.

मध्य प्रदेशाच्या नगररचना कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर आयडीएच्या नव्या योजनांत जमीन एकत्र करून, रस्ते-बागा काढून, सुमारे निम्मी विकसित जमीन मालकाला परत देण्याची पद्धत आली. पूर्वीपेक्षा बरी. मात्र 'परत' कधी, याची तारीख कागदावर असलीच पाहिजे.

६. नाली घरात पोचली तरच पोचली

१९९०च्या सुमारास हिमांशू पारीख या अभियंत्याने इंदुरात एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. बस्त्या बहुधा नाल्याकाठी, शहराच्या सर्वांत सखल जागी असतात. पाणी आपोआप तिकडेच वाहतं. मग शहरभरच्या गटाराचं जाळं बस्त्यांमधूनच का नेऊ नये? कान्ह आणि सरस्वती नद्यांकाठी मुख्य लाइनी, बस्तीतल्या गल्लीत छोट्या लाइनी, आणि सार्वजनिक शौचालयाऐवजी घरोघरी संडास. रस्ते जोत्यापेक्षा खाली ठेवायचे, म्हणजे पावसाचं पाणी घरात न शिरता रस्त्यावरून निघून जाईल. ब्रिटिश सरकारच्या मदतीने १८३ बस्त्यांत हे काम झालं आणि १९९८ साली त्यालाही आगा खान पुरस्कार मिळाला.

पुढे टीकाही झाली. गीता दिवाण वर्मा यांनी 'स्लमिंग इंडिया' या पुस्तकात इंदूरच्या या कामाचा चांगलाच समाचार घेतला. गल्लीत लाइन होती, पण कित्येक घरांची जोडणी झालेली नव्हती. लाइनी तुंबल्या तर बघायला कोणी नव्हतं.

मी त्या बस्त्यांत घरं मोजली आहेत. चेंबर दारापासून चार फुटांवर आणि घराचं पाणी उघड्या नालीत, हे चित्र तेव्हा नेहमीचं. त्या चार फुटांचा पाइप कोणी टाकायचा यावरून सगळं अडलेलं. माणसाने भिंती स्वतः बांधाव्यात हे मी वर म्हटलंय, पण जमिनीखालचं काम शेवटच्या सांध्यापर्यंत सरकारचंच. ऑगस्ट २०२१मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया न करता नाल्या-नदीत न सोडणारं शहर, ठरलं, त्यामागे नाल्यांत सुटणारी हजारो घरांची तोंडं शोधून ती लाइनीला जोडण्याची मोहीम होती. म्हणजे ते चार फूट भरून काढायला शहराला तीन दशकं लागली.

७. मल्टीत मोजायची गोष्ट चौरस फूट नव्हे

बहुमजली इमारतीला आम्ही इंदूरकर मल्टी म्हणतो. गेल्या काही वर्षांत बस्ती हलवून मल्टीत नेणं हाच पुनर्वसनाचा मुख्य मार्ग झालाय. भुरी टेकरीसारख्या ठिकाणी बस्तीच्या जागी मजले उभे राहिले. कनाडिया भागात केंद्र सरकारच्या लाइटहाउस प्रकल्पाची १,०२४ घरं झाली. जानेवारी २०२१मध्ये पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. भिंती कारखान्यातून आलेल्या, दोन पत्र्यांमध्ये सारण भरावं तशा तयार पॅनेलच्या. काम झपाट्याने होतं हे खरं. एका बाईने मला पहिला प्रश्न विचारला तो मात्र असा: "ताई, याला खिळा ठोकता येतो का?" देवाचा फोटो, घड्याळ, दोरी, सगळं त्या खिळ्यावर अवलंबून.

पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात गरिबांच्या घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत होतं. अरण्यचा भूखंड ३५चा. आकडे जवळजवळ सारखे दिसतात. पण भूखंडावर वीस वर्षांत दोन मजले चढतात आणि एक भाडेकरू येतो. मल्टीतले ३० मरेपर्यंत ३०च. हातगाडी उभी कुठे करायची, भट्टी कुठे लावायची, भंगार कुठे वेगळं करायचं, याला चौथ्या मजल्यावर उत्तर नसतं. वर लिफ्टची देखभाल, पंपाचं बिल, जिन्यातला दिवा. पूर्वी ज्याला दरमहा घरासाठी शून्य रुपये लागायचे, त्याला अचानक वर्गणी लागते.

मल्टी नकोच असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात नाल्याचं पाणी ज्यांच्या चुलीत शिरायचं, त्यांना विचारा. पण तळमजला दुकानं आणि कामाच्या ओट्यांसाठी मोकळा ठेवा, आणि पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा किमतीतच धरा. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात.

८. रस्त्यात किती फूट गेले, त्यापेक्षा काय गेलं ते पाहावं

जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत इंदूर आलं आणि राजवाड्याच्या आसपासचा जुना भाग सुधारणेसाठी निवडला गेला. राजवाडा, गोपाळ मंदिर यांची डागडुजी झाली, ती देखणी झाली. सोबत बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्यापर्यंतच्या रस्त्यासारखी रुंदीकरणंही आली. भिंतींवर लाल खुणा उमटल्या आणि पुष्कळांनी आपल्याच घराचा दर्शनी भाग आपल्याच मजुरांकडून उतरवला.

अशा एका वाड्याचं काम मी केलं. खूण दारापासून साधारण दहा फूट आत. कागदावर घराचा छोटासा तुकडा. पण जुन्या वाड्यात जिना कुठे असतो? दिंडीला लागून, पुढच्या भिंतीच्या पोटात. ते दहा फूट गेले आणि त्यांच्याबरोबर जिना गेला, म्हणजे वरचे दोन मजले जागच्या जागी असून पोचता येईनासे झाले. खालचा भाडेकरू दुकानदार अर्ध्या दुकानात तसाच तग धरून, आणि वरच्या काकू शिडीने चढउतार करत होत्या. आम्ही शेवटी मागच्या चौकातून नवा जिना काढला, त्यापायी चौकातला उजेड गेला. मोजणीत चौरस फूट धरतात. जिना, उजेड आणि विहिरीची वाट धरत नाहीत.

मोबदला टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडे जास्त बांधायच्या हक्काचा असेल, तर तो रोखीसारखा नसतो. गिऱ्हाईक मिळून त्याचे पैसे होईपर्यंत मिस्त्रीची मजुरी थांबत नाही. रुंदीकरणाची नोटीस आली की पहिल्या दिवशी वकिलाबरोबर नकाशावालाही बोलवावा, असं मी ओळखीच्यांना सांगते. दोन फूट इकडेतिकडे झाल्याने जिना वाचला, अशी उदाहरणं आहेत.

९. येणार असलेल्या गोष्टीवर घर घेऊ नये

निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंतचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखलेला मार्ग, २०१३ साली सुरू झाला. त्याच्या भरवशावर लोकांनी आसपास घरं घेतली. फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने तो काढण्याला मंजुरी दिली. त्याच वर्षी ३१ मेला मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि आता जाहिरातींत मेट्रो आली. शहराचं मन बारा वर्षांत बदलतं, घराचं कर्ज वीस वर्षं चालतं. आज जमिनीत जे पुरलेलं आहे आणि आज नळाला जे येतंय, त्याचेच पैसे मोजावेत.

१०. सही करण्याआधी हे विचारावं

पुनर्विकास असो, मल्टी असो की स्कीममधला प्लॉट, माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे प्रश्न लिहून देते. कागद कोणाच्या नावावर होणार, नवऱ्याच्या एकट्याच्या की दोघांच्या? गटाराचा शेवटचा सांधा कोण जोडणार? दरमहा किती आणि ते कोण गोळा करणार? खालच्या मजल्यावर धंदा चालेल का? दहा वर्षांनी एक खोली वाढवता येईल का, आणि विकायची वेळ आली तर केव्हा विकता येईल?

या प्रश्नांना उत्तरं देताना समोरचा अधिकारी किंवा बिल्डर वहीत बघत असेल तर बसावं. भिंतीवरच्या रंगीत चित्राकडे बोट दाखवत असेल तर उठावं आणि शेजारच्या जुन्या स्कीममध्ये जाऊन कुठल्याही ओट्यावर तेच विचारावं. तिथे उत्तर फुकट मिळतं आणि ते देणारा त्या उत्तरात राहत असतो.